खोलीचं भाडं किती?

मोठ्या हॉटेलात जेवायला जाणाऱ्यांत एक जात असते. ही माणसं कंजूष नसतात, हे आधीच सांगून ठेवतो. लग्नाच्या वाढदिवसाला भाचे-पुतणे गोळा करून समुद्र दिसणाऱ्या टेबलावर जेवू घालतात आणि पैसेही स्वतःच देतात. फक्त कुणी आपल्याला फसवलेलं त्यांना खपत नाही. आमचे डोंबिवलीचे मामा या जातीचे मानकरी. नोकरी हयातभर लेखापरीक्षणात. निवृत्तीनंतर तपासायला फायली उरल्या नाहीत, तेव्हापासून बिलं तपासतात.

टेबलासाठी फोन मामाच करतात. "तुमच्याकडे खोलीचं भाडं किती?" हा पहिला प्रश्न. पलीकडची मुलगी उत्साहाने समुद्राकडच्या खोल्या आणि सकाळचा नाश्ता सांगू लागते. "छे, छे, राहायचंय कुणाला? जेवायचंय!" यावर ती गप्प होते आणि मामा शिकवणी सुरू करतात. साध्या रेस्टॉरंटात जेवणावर जीएसटी ५ टक्के. पण ज्या हॉटेलात खोलीचं दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या जेवणावर १८. "पनीर तेच. वर कुणीतरी महागड्या गादीवर झोपणार, म्हणून खाली मी तेरा टक्के जास्त द्यायचे?" याला त्या मुलीकडे उत्तर नसतं. खरं तर कुणाकडेच नसावं. एवढं होऊन टेबल त्याच हॉटेलात घेतलं जातं, कारण मामींना समुद्र हवा असतो.

निघण्यापूर्वी घरी सगळ्यांनी पोहे खायचे, हा नियम. पोटाला आधार.

यंदा पस्तिसावा वाढदिवस होता. दारवानाने सलाम ठोकला, मामांनीही ठोकला. वेटर मांडीवर नॅपकिन पसरायला वाकला तेव्हा मामा दचकून म्हणाले, "राहू दे, राहू दे, मी जेवतो हाताने." मग पाणी. "स्टिल की स्पार्कलिंग, सर?" "साधं. जगमधलं." बाटलीवर मामांचा जुना राग आहे. छापील किमतीपेक्षा जास्त दराने हॉटेलांना बाटलीबंद पाणी विकता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. न्यायसंस्थेवर मामांचा अढळ विश्वास आहे. तो एक निकाल सोडून.

एवढ्यात प्रत्येकापुढे भल्यामोठ्या थाळीत सुपारीएवढं काहीतरी आलं.

"हे आम्ही मागवलेलं नाही."

"शेफकडून आहे, सर. कॉम्प्लिमेंटरी."

"असं? मग आणखी एकेक चालेल."

मेनूकार्ड मामांनी कोर्टाच्या कागदासारखं वाचलं. भाजलेल्या फ्लॉवरपाशी थांबले. "एका गड्ड्यात अशा सहा प्लेटा निघतात," ते पुटपुटले. पण मागवला. आवडला. दोनदा घेतला. चवीबद्दल त्यांची कधीच तक्रार नसते, हे त्यांचे विरोधकही मान्य करतील.

हे सगळं पूर्वरंगात मोडतं. मुख्य कीर्तन बिलाचं. खिशातल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात एक घडी घातलेला कागद होता: ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं, आणि पाठीमागे स्वतःच्या अक्षरात, 'दिल्ली उच्च न्यायालय, मार्च २०२५, कायम'. सेवाशुल्क सक्तीचं नाही, आपोआप बिलात घालता येत नाही. लोकलमध्ये मामांनी मॅनेजरशी होणाऱ्या संवादाची तालीमसुद्धा केली होती. मॅनेजर मी झालो होतो. हरलो.

बिल आलं. मामांनी चष्मा बदलला. बोट एकेका ओळीवरून खाली उतरलं, पुन्हा वर गेलं. कागद उलटा करून पाहिला.

"सेवाशुल्क कुठंय?"

"आम्ही लावत नाही, सर."

"का?"

वेटर गोंधळला. आपण काय चुकलो, ते त्याला कळेना. मामांनी १८ टक्क्यांची बेरीज मोबाइलवर करून पाहिली, मग कागदावर. पैशाचासुद्धा फरक नाही. पाकीट पुन्हा खिशात गेलं आणि मामांचा चेहरा असा उतरला की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सहानुभूतीने पाहिलं. एवढं महाग असेल असं वाटलं नसेल बिचाऱ्यांना, असा त्यांचा समज झाला असावा.

मामी मात्र समुद्राकडे पाहत निवांत बसल्या होत्या. पस्तीस वर्षांचा अनुभव. वेटरला हाताने थांबवून म्हणाल्या, "एक ते चॉकलेटचं गरम काय आहे ना, ते आणा. आणि एक कुल्फी."

"अगं, बिल झालं!"

"मग नवीन करतील ना, अहो."

मामांनी चष्मा पुसला आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.