भिगवणचे तत्त्वचिंतक

पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेलं की भिगवण लागतं. हिवाळ्यात तिथे दोन जातींचे पाहुणे उतरतात : पक्षी आणि हौशी छायाचित्रकार. पक्षी पोटासाठी येतात, छायाचित्रकार जीवनाचा अर्थ शोधायला.

भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, मागे पाणी पसरलं आणि कुंभारगाव-डिकसळचा उथळ काठ रोहित पक्ष्यांना मानवला. छायाचित्रकारांतला ठरलेला नमुना म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले साहेब. जॅकिटाला खिसेच खिसे, हातात नातवाच्या वजनाची लेन्स. एका पायावर उभा रोहित दिसला, की साहेब पुटपुटतात, ‘‘तपश्चर्या!’’ प्रत्यक्षात रोहितला एका पायावर उभं राहायला स्नायूंचे कष्ट जवळजवळ पडतच नाहीत. ऋषिमुनी दिसणारा तो पक्षी आराम करत असतो. गुलाबी रंग पाहून साहेबांना अंतरीचं तेज आठवतं. तो रंग शेवाळ आणि बारीक कवचधारी जीव खाऊन आलेला असतो. पिल्लं तर राखाडीच जन्मतात.

नावाडी बहुतेक मूळचे मच्छीमार. त्यांचं रसग्रहण तीन शब्दांत आटोपतं : ‘‘खातंय ते, साहेब.’’

रूपकच हवं असेल, तर खुद्द धरण जास्त दिलदार आहे. उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी आणि त्यातला निम्म्याहून अधिक मृत साठा, म्हणजे मोजणीच्या शून्याखालचं पाणी. त्यामुळे उन्हाळ्यात ‘उजनी उणे’ असे मथळे झळकतात, आणि तरीही पाणी दिसत असतं. शिल्लक शून्याखाली जाऊनही चालू राहणारं हे खातं बँकवाल्याच्या लक्षात यायला हवं. पण साहेबांचा कॅमेरा आकाशाकडे रोखलेला! पाणी फारच उतरलं, की पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ वर येतं, आणि पुनर्जन्मावर बोलणारी वेगळी मंडळी जमते. उलट धरण तुडुंब भरलं, की सोलापूरकर खूश आणि कॅमेरेवाले हिरमुसलेले, कारण खोल पाण्यात रोहितचे पाय टेकत नाहीत.

सगळ्यांत महाग रूपक ‘भरारी’चं. मिटल्या पंखांतला लाल-काळा रंग उघडा पडावा म्हणून काही जण होडी थेट थव्यात घालायला लावतात. बिचारे रोहित न्याहारी अर्धवट टाकून पाण्यावरून धावत सुटतात, तेव्हा कुठे हवेत उठतात. फोटोखाली ओळ येते : ‘मुक्ती’.

तेव्हा भिगवणला जाल, तर नावाड्याला आधीच सांगून ठेवा : होडी लांबच थांबवा, त्यांचं खाणं होऊ द्या.