घरच्या घरी संग्रहालय: काही आवश्यक सूचना

नांदेडच्या विष्णुपुरीत विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, मेडिकल कॉलेज आहे. म्हणजे शिकलेली माणसं भरपूर आणि त्यांची घरं लहान. शिकलेल्या माणसाला पन्नाशीच्या सुमारास जुन्या वस्तूंचा नाद लागतो. लागायचाच असेल तर शास्त्रशुद्ध लागावा, एवढ्यासाठी हे मार्गदर्शन.

आरंभ नाण्यांपासून करावा, कारण जागा लागत नाही. आपल्या भागात निजामाचा हाली सिक्का, तो चारमिनारवाला, अजून देवघरात किंवा आजीच्या चंचीत निघतो. सात हाली रुपये म्हणजे इंग्रजी सहा, हा हिशेब पाठ करावा आणि नाणं तळहातावर ठेवून पाहुण्यांना हळू आवाजात सांगावा. १९५९ साली हे चलन कायमचं बंद झालं, हेही सांगावं. नाण्याची आजची किंमत मात्र सांगू नये. मेव्हणे नेमकं तेवढंच ऐकतात.

नाणं देवघरात सापडलं तर तो वारसा. परसात खणताना सापडलं तर प्रकरण वेगळं. १८७८ चा निखात निधी कायदा म्हणतो, जमिनीतून निघालेला ऐवज दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. दहा रुपयांत आज एक चहा येतो. तेव्हा शक्यतो खणूच नये.

यानंतर कागद. हा विषय नाजूक आहे. १९४८ पर्यंत आपला कारभार उर्दूतून चालला, त्यामुळे पत्र्याच्या पेटीत तळाशी शिक्के मारलेला, कोपरे झिजलेला एखादा उर्दू कागद असतोच. तो वाचता येत नसल्यानं घरात त्याला सनद म्हणतात. पुढं त्याची फ्रेम होते, फ्रेम दिवाणखान्यात लागते आणि मुलीच्या सोयरिकीच्या बोलण्यात तिचा उल्लेखही होतो. फ्रेम करण्याआधी इतवाऱ्यात जाऊन एखाद्या जाणत्या चाचांकडून कागद वाचून घ्यावा. पणजोबांनी बैलजोडीसाठी काढलेल्या कर्जाचा रोखा असण्याची शक्यता जहागिरीपेक्षा कितीतरी जास्त. तरी फेकू नये. माझ्या मते रोखाच जास्त मोलाचा: सनदा थोड्यांना मिळाल्या, कर्ज सगळ्यांनी काढलं.

अडकित्ते, कंदील, शेर-पायलीची मापं कुणीही जमवतं. घुंगरमाळा हव्या असतील तर माळेगावच्या यात्रेत जावं, मात्र माळेसोबत घोडा घेऊन परतू नये. लातूरच्या पाहुण्यांकडे बार्शी लाइट रेल्वेचं पुठ्ठ्याचं तिकीट असेल तर त्यांच्याशी संबंध टिकवावेत.

प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधावी: कुणाची, कुठून आली, कशाला वापरत. हे एक काम खरोखर गंभीरपणे करावं. चिठ्ठी नसलेला अडकित्ता पुढच्या पिढीत किलोवर जातो.

आदर्श म्हणून तेरचे रामलिंगप्पा लामतुरे डोळ्यांसमोर ठेवावेत. गावातल्या पांढरीवर सापडणारी नाणी, मणी, मातीच्या मूर्ती ते जमवत गेले आणि आज तिथं त्यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं आहे. हे उदाहरण घरात अवश्य द्यावं. पण तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारं शहर. आपला ऐवज म्हणजे बंद पडलेला मर्फी रेडिओ, हा फरक कुणी दाखवून दिल्यास पाणी प्यायला उठावं.

खरी परीक्षा दिवाळीच्या आवराआवरीत. "हे भंगार कामून ठेवलाव?" या प्रश्नाला उत्तर देऊ नये, उत्तर दिलं की चर्चा होते आणि चर्चेत आपण हरतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, असं गंभीर चेहऱ्यानं म्हणता येतं, पण रेडिओला तो लागू नाही आणि हे घरच्यांना माहीत असतं. त्या आठवड्यात संग्रह पलंगाखाली न्यावा, वर गाद्यांच्या खोळी टाकाव्यात. भंगारवाल्याची हाळी आली तर आपण स्वतः दार उघडावं, आणि काही झालं तरी त्याला पितळेचा भाव विचारू नये. स्वयंपाकघरात ऐकू जातं.