स्पीकर बंद करा, वकीलसाहेब

वकील नागपुरात, पक्षकार गडचिरोलीतल्या भामरागडकडच्या गावात. मध्ये तिसऱ्याचा फोन, तोही स्पीकरवर. 'साहेब, तुम्ही मले सांगा, मी सांगतो त्याले,' म्हणतो फोनवाला. वकील पाच मिनिटं समजावतो, फोनवाला माडिया भाषेत दोन वाक्यं बोलतो, पक्षकार मान हलवतो. ती मान कळून हलली की घाबरून, हे नागपुरात कसं दिसणार? वकालतनाम्यावरचा अंगठा व्हॉट्सअॅपवर आला की काम सुरू.

ही वकिली नव्हे. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा आचारनियम क्रमांक 19 सांगतो: पक्षकार किंवा त्याने अधिकार दिलेला प्रतिनिधी, यांच्याखेरीज कुणाच्याही सांगण्यावरून वकिलाने वागू नये. खिशात फोन आहे म्हणून कुणी प्रतिनिधी होत नाही. तो ठेकेदार असेल, विरुद्ध बाजूचा भाचा असेल, ठाण्यात रोज बसणारा असेल. वकिलापाशी बोललेलं गुपित राहावं म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमात 132 वं कलम आहे. पानठेल्यावर चारचौघांत मोठ्याने झालेलं बोलणं कोणतं कलम झाकणार?

गुपित फक्त फोनवरच फुटतं असं नाही. घरबसल्या वकिली करणाऱ्याचं दप्तर म्हणजे त्याचा संगणक. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयात प्राध्यापक जी. एन. साईबाबांची बाजू मांडणारे नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांना 2018 मध्ये अटक झाली. त्यांच्या संगणकात वीस महिने बाहेरून कुणीतरी शिरलेलं होतं, असा आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेचा 2021 चा अहवाल आहे. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. निवाडा न्यायालय करील. माझी चिंता वेगळी आहे. वकिलाच्या संगणकात किती आदिवासी पक्षकारांचे जबाब, पत्ते, साक्षीदारांची नावं असतात! घरातली पोरं त्याच लॅपटॉपवर खेळ उतरवून घेतात, तेव्हा हे सगळं उघड्यावर पडू शकतं.

पडद्यावरची सुनावणी मला हवीच आहे. गडचिरोलीची एक तारीख म्हणजे भामरागडच्या माणसाची दोन दिवसांची मजुरी. पण पहिली भेट समोरासमोर घ्या. माडिया जाणणारा दुभाषी स्वतः निवडा, त्याचे पैसे फीमध्ये धरा. आरोपी तुरुंगातून पडद्यावर येत असेल, तर त्याच्याशी एकांतात बोलायला वेळ मागा आणि तो मिळेपर्यंत युक्तिवाद सुरू करू नका. पर्लकोटा नदीला पूर आला, रस्ता तुटला, तर तारीख वाढवून मागा. पुराचं कारण न्यायाधीशांनाही समजतं.