न्यायमूर्ती बघायचा कार्यक्रम

शिरूर अनंतपाळच्या कट्ट्यावर बसून अमेरिकेचे न्यायमूर्ती निवडायला कुणाची ना नसते. आपल्या तालुक्यातलं काहीच आपल्याला विचारून होत नाही, तर निदान वॉशिंग्टनचं तरी बघावं, असा इथला रिवाज आहे.

तिकडची रीत अशी. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो आणि सिनेट त्या उमेदवाराला समोर बसवून दिवसदिवस प्रश्न विचारते. हा मुलगी बघायचाच कार्यक्रम. पोह्यांऐवजी कॅमेरे, एवढाच फरक. प्रश्न पन्नास, पण जाणून घ्यायचं असतं एकच : गर्भपाताचा हक्क देणारा १९७३चा 'रो विरुद्ध वेड' निकाल ठेवणार की मोडणार? उमेदवार नजर खाली घालून सांगतो, की तो न्यायालयाचा पूर्वनिर्णय आहे आणि पूर्वनिर्णयाचा मान राखायचा असतो. 'स्वयंपाक येतो का?' याला 'शिकेल की' हे जेवढं उत्तर, तेवढंच हे. गोर्सच, कॅव्हेनॉ आणि बॅरेट असे तिघं या परीक्षेत पसंत पडले. कॅव्हेनॉ तर ५० विरुद्ध ४८ अशा काठावरच्या मतांनी. २४ जून २०२२ला तिघंही 'रो' मोडणाऱ्यांत होते.

"आपल्याकडं असलं काई नाई बगा," माजी सरपंच म्हणाले.

खरंच नाही. आपल्याकडं बघायचा कार्यक्रमच नाही. उच्च न्यायालयासाठी सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती बंद खोलीत नावं ठरवतात, सरकार त्या नावांवर बसून राहतं किंवा उठतं, आणि आपल्याला शपथविधीचा फोटो बघायला मिळतो. कायम करतानाही तेच. नागपूर खंडपीठाच्या न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांचा 'कपड्यांवरून केलेला स्पर्श म्हणजे लैंगिक अत्याचार नव्हे' हा निकाल २०२१च्या जानेवारीत गाजला, तेव्हा त्यांना कायम करण्याची शिफारस त्याच खोलीत माघारी गेली. बायांच्या अंगाबद्दल न्यायमूर्तींना काय वाटतं, हे आपल्याला निकाल लागल्यावर कळतं.

गर्भपाताचा वाद मात्र आपण मुळातच होऊ दिला नाही. १९६४ साली समिती नेमली, तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. १९७१ला कायदा झाला. कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाचे दिवस होते. लोकसंख्या आवरायच्या घाईत बाईच्या हक्काची चर्चा कुठं काढत बसायची? २०२१ला काही स्त्रियांसाठी मर्यादा २० आठवड्यांवरून २४ केली, तेव्हा राज्यसभेला आवाजी मतदान पुरलं.

"संस्कृती लागते त्याला!" सरपंचांची छाती फुगली.

आशाताईंनी रजिस्टर मिटलं. "अन् चोवीसच्या पुढं गेलं तर?"

वकीलसाहेब म्हणाले, "गर्भात मोठं व्यंग असंल तर मेडिकल बोर्ड. बलात्काराची केस असंल तर हायकोर्ट. संभाजीनगरला."

तीनशेक किलोमीटर. तिथं कोणते न्यायमूर्ती पुढ्यात येतील, ते रोस्टरवर, म्हणजे नशिबावर. आणि नशीब म्हणजे कसलं? २०२३च्या ऑगस्टमध्ये गुजरात उच्च न्यायालयानं सत्ताविसाव्या आठवड्याच्या आसपास असलेल्या बलात्कारपीडितेला बारा दिवसांनंतरची तारीख दिली. सर्वोच्च न्यायालयाला शनिवारी बसून विचारावं लागलं, की एवढे दिवस वाया कसे घालवता? पण वरचं न्यायालय तरी एका मनाचं असावं! त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला दोन न्यायमूर्तींनी एका विवाहितेला सव्विसाव्या आठवड्यात परवानगी दिली. ११ तारखेला त्याच दोघींचं एकमेकींशी पटेना. १६ तारखेला तिघांच्या पीठानं नाही म्हटलं. आठवडाभरात हो, माहीत नाही आणि नाही, अशी तिन्ही उत्तरं त्या बाईला मिळाली. तिकडं प्रश्न न्यायमूर्तींना विचारतात आणि ते टाळतात. इकडं प्रश्न घेऊन बाईच जाते, आणि टाळायची सोय तिला नसते.

"मग नेमायच्या आधीच विचारा की त्यांना," आशाताई म्हणाल्या.

कट्टा गंभीर झाला. न्यायमूर्तींना काय विचारावं हे ठरवायला तिथल्या तिथं सात जणांची समिती झाली. सातही पुरुष, बाया कामाच्या घाईत असतात म्हणून. वकीलसाहेबांनी ठराव लिहिला, सरपंचांनी सही केली. आशाताईंचा मुद्दा पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे, आणि पुढची बैठक सोयाबीनची रास झाल्यावर.