हरित परिसर, जिओटॅगसह

पारोळ्यासारख्या तालुक्याच्या गावात वीज वाचवायला विद्यार्थ्यांचे गट कशाला हवेत? हे काम भारनियमनाने वर्षानुवर्षं निष्ठेने केलं आहे, तेही प्रमाणपत्राची अपेक्षा न ठेवता.

पण कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'च्या सातव्या निकषात ऊर्जाबचत आणि कचरा व्यवस्थापन आहे, आणि पुराव्याला जिओटॅग केलेले फोटो लागतात. त्यामुळे १४ डिसेंबरला, राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी, कुठल्याही कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं रांगेत उभी दिसतील. हातात नवेकोरे झाडू, मागे 'प्लास्टिक टाळा' असं सांगणारा प्लास्टिकचाच फ्लेक्स. आवारात पुरेसा कचरा नसेल तर आधी थोडा पसरावा लागतो. पाहुण्यांचा सत्कार गुच्छाने, गुच्छाला चकचकीत वेष्टन. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं आणि त्याच वर्षी राज्यात प्लास्टिकबंदीही आली, नाव टिकलं. केळीच्या जिल्ह्यात पानाला तोटा नाही, तरी नाश्ता चंदेरी मुलाम्याच्या द्रोणातच.

पाहुणे उशिरा येतात. तोवर सभागृहातले पंखे रिकाम्या खुर्च्यांना वारा घालत असतात, तेही डिसेंबरात. एखादा पोरगा हिशेब मांडतो: २० पंखे, ७५ वॉट, २ तास, म्हणजे ३ युनिट. बटण दाबलं की बंद. पण बटण फुकट असतं, त्याची ना निविदा निघते ना उद्घाटन होतं.

"सर, पंखे बंद करू?"

"अरे भाऊ, आधी फोटो होऊ दे. लोकेशन चालू आहे ना?"