नव्या घरातले गरम पाणी : गृहप्रवेशेच्छूंसाठी मार्गदर्शिका

धरण बांधताना अभियंते नदीच्या सर्वांत मोठ्या पुराचा हिशेब करतात. पुण्यात फ्लॅट घेणाऱ्याने गिझर निवडताना नरकचतुर्दशीच्या पहाटेचा करावा. एरवीच्या आंघोळी पुढेमागे ढकलता येतात, ही ढकलता येत नाही. शिवाय घरात मुलगी-जावई आलेले असतात आणि जावयाला थांबायला सांगता येत नाही.

आता कागद-पेन घ्या. पंधरा लिटरच्या गिझरमध्ये पाणी ६५ अंशांपर्यंत तापले आणि नळाचे पाणी २२ अंशांचे असले, तर दोन्ही मिसळून ४० अंशांचे सुमारे ३५ लिटर पाणी मिळते. म्हणजे वीस लिटरच्या पावणेदोन बादल्या. पुढची टाकी तापायला दोन किलोवॉटचे कॉइल वीस-बावीस मिनिटे घेते. घरात माणसे सहा, प्रत्येकाच्या अंगाला तेल आणि उटणे, एका बादलीत कोणाचेच भागत नाही. सूर्योदयापूर्वी स्नान न करणारा नरकात जातो म्हणतात. सहावा क्रमांक कोणाचा, हे घरात आधी ठरवा, मगच दुकानात जा. पंचवीस लिटरचा घ्यावा, असे आमचे मत. सहाव्याचेही तेच असेल.

तीन लिटरचा इन्स्टंट स्वयंपाकघरातल्या सिंकसाठी. तीन किलोवॉटचा असला तरी २० अंशांनी तापवलेली बादली भरायला नऊ मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात भक्तिभाव असेल तर एखादे स्तोत्र होते, नसेल तर पाणी निवते.

सोसायटीच्या गच्चीवर सोलर आहे, असे बिल्डरने अभिमानाने सांगितले असेल. आपला मजला कितवा, ते पाहा. एक इंची पाइपात मीटरमागे अर्धा लिटर पाणी मावते. पाणी फिरते ठेवणारा पंप नसेल, तर गच्चीपासून पंचवीस मीटर खाली राहणाऱ्याला आधी बारा लिटर गार पाणी सोडून द्यावे लागते. सूर्य सर्वांना समान तापवतो. पाइपाला मात्र वरच्या मजल्यांचे प्रेम अधिक. सभेत हा विषय तळमजल्याने काढला की वरचे लोक पाणीबचतीवर बोलतात. पावसाळ्यात मात्र सगळे मजले एक होतात.

गॅस गिझरबद्दल विनोद नाही. बंद न्हाणीघरात तो लावू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस आतल्या आत कोसळतो. गिझर बाहेर, मोकळ्या हवेत लावता येत नसेल तर विषय सोडा.

बोअरचे किंवा टँकरचे पाणी असेल तर कॉइलवर क्षारांचा थर चढतो, तापायला वेळ लागतो, बिल फुगते. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकी गंजू नये म्हणून ती स्वतः झिजते. प्रत्येक घरात असे एक माणूस असते, आणि त्याचीही वर्षानुवर्षे कोणी चौकशी करत नाही. निदान कांडी तरी सर्व्हिसिंगच्या वेळी काढून पाहायला सांगा.

एवढा अभ्यास करून, सोळा अँपिअरचा पॉइंट तपासून, पाच स्टार मोजून पंचवीस लिटरचा उभा गिझर घरी आणावा. इलेक्ट्रिशियन येतो, फॉल्स सीलिंगकडे पाहतो, टेप न लावताच सांगतो, "इथं आडवाच बसतो, साहेब. अन् तोही पंधराचा."