पिवळं उद्गारचिन्ह

लिहिताना मी उद्गारचिन्ह जपून वापरतो. आमच्या गाडीला तेवढा पोच नाही. साताऱ्याला निघालो होतो. खेड शिवापूरचा टोलनाका यायच्या आत वेगाच्या काट्याशेजारी एक पिवळं उद्गारचिन्ह उगवलं. भोवती नालेसारखा आकार, खाली दातेरी कड. मला ते उतू चाललेलं पातेलं वाटलं.

"इंजिन तापलं," मी जाहीर केलं.

बायकोने कप्प्यातून गाडीचं पुस्तक काढलं. "टायर आहे तो, उभा चिरलेला. हवा कमी झालीय म्हणतात."

मी उतरून चारही टायरांना लाथ मारून पाहिली. ही वडिलांची पद्धत. त्यांच्या फियाटमध्ये असला दिवा नव्हता, लाथ पुरायची. चारही टायर ठणठणीत वाटले, म्हणजे बिघाड दिव्यातच. दिवा घालवायची रीत पुस्तकात होतीच : गाडी उभी करा, किल्ली फिरवा, स्टिअरिंगखालचं बटण दाबून धरा. दिवा दोनतीनदा लुकलुकला आणि विझला.

"बघ, उगाच घाबरवतात," मी म्हणालो. कंदी पेढे घेऊन आम्ही सुखरूप परतलो.

आठवड्याने कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे सहज हवा पाहायला गेलो. त्यांनी मागच्या डाव्या चाकाला गेज लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

"22 पॉइंट. साहेब, खिळा घेऊन फिरताय."

दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर 33 लिहिलंय. ते स्टिकर मी त्या दिवशी प्रथम वाचलं. दिवा तर गप्प होता, असं मी म्हटल्यावर काकांनी खिळा उपसता उपसता माझी शिकवणी घेतली. काही गाड्यांत वॉल्व्हपाशी सेन्सर असतो, तो थेट हवा मोजतो. माझ्या गाडीत तो नाही. ती चाकांचे फेरे मोजते. हवा कमी झाली की चाक किंचित बसतं, घेर घटतो आणि तेवढ्याच रस्त्याला त्याला जास्त फेरे घ्यावे लागतात. एबीएस ब्रेकसाठी फेरे मोजले जातातच, त्यावरून गाडी ओळखते की एक भाऊ जास्त पळतोय.

"आणि ते बटण?"

"बटणाने हवा भरत नाही, साहेब. आत्ता जे आहे तेच बरोबर, एवढंच ते गाडीला सांगतं."

म्हणजे मी खिळ्यासकट सगळं बरोबर म्हणून सही करून दिली होती. आमच्या हॉलमधल्या ओलीवर मी कॅलेंडर टांगलंय, त्याच जातीचं हे काम. गाडी बिचारी आज्ञाधारक. मी सांगितलं ते तिने मुकाट्याने खरं मानलं.

काकांनी पट्टी भरली. गाडी घरून दोन गल्ल्याच आलेली, टायर थंडच होते. हवा तशीच मोजायची असते. चारही चाकं 33 वर आणली, मग बटण दाबलं. आता थोडं चालवा म्हणाले, नवे फेरे ती चालता चालता शिकते.

मी निघणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "स्टेपनी बघू?"

वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर 1904 मध्ये असं जादा चाक निघालं. आपण अजून त्या रस्त्याचं नाव घेतो. पण डिकीतलं चाक फिरत नाही, मग त्याचे फेरे कोण मोजणार? दिवा तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

छत्र्या, सतरंजी आणि मागच्या दिवाळीची रद्दी बाजूला केली. स्टेपनीत 11 पॉइंट निघाली.